व्याह्यांच्या पुढ्यातली मुंडी

तोलोगोनच्या घरी सकाळी दोन गोष्टी बरोबरच उकळत: चुलीवर चहा आणि चुलीपाशी तोलोगोन. विषय ठरलेला, पलीकडचे कझाक. नदीच्या अलीकडे किर्गिझांचं साराल-बुलाक, पलीकडे कझाकांचं उझिनताल. इकडचा कोंबडा आरवला की तिकडची माणसं उठतात, इतकं जवळ. पण तोलोगोनचं ऐकावं तर पलीकडे सैतानाचं सासर असावं. घोडीच्या दुधाची कुमिस आपली, ती त्यांनी चोरली. लोकरीच्या नमद्याचा तंबू आपला, तोही त्यांनी चोरला. बकऱ्याचं धूड घोड्यावरून पळवायचा खेळ तर आपल्या पणजोबांचा. त्याचं त्यांनी नाव बदललं, आणि वर आपल्यालाच हरवतात! जमिनीत तेल सापडलं म्हणून मिजास, पण कांद्याला पाणी आमच्या डोंगरातलं लागतं. "नदी काय त्यांच्या बापाची आहे?" हे वाक्य तो इतक्यांदा म्हणे की घरातल्या मांजरालाही ते पाठ झालं असावं.

राग अगदीच हवेतला होता असं नाही. मागच्या वर्षी सरहद्दीचा नाका अचानक बंद झाला आणि तोलोगोनचा घेवडा ट्रकमध्ये अडकून पडला. त्यात पाऊस. नाका उघडला तेव्हा पोत्यांतून मोड बाहेर डोकावत होते. उझिनतालवाल्यांचं म्हणणं असं की ऐन कांद्याच्या दिवसांत किर्गिझ लोक वरच्या धरणाची दारं लावून बसतात आणि आमचे वाफे तडकतात. दोन्ही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

अशा माणसाची एकुलती एक लेक बुरुलचा दातांची डॉक्टर झाली. अलीकडे दात स्वस्तात होतात म्हणून कझाक लोक नाका ओलांडून येतात, तसा उझिनतालचा मादियार नावाचा कांदेवाला एक दाढ दाखवायला आला. दाढ बरी झाली, पण मग त्याच्या उरलेल्या दाढाही एकेक करून दुखू लागल्या. शेवटी दुखायला काही उरलं नाही तेव्हा त्याने बुरुलचाला मागणी घातली आणि ती हो म्हणाली.

तोलोगोनने आधी आकाशपाताळ एक केलं, मग जेवण सोडलं, मग बायकोने रस्सा केला तेव्हा जेवण धरलं. लग्नाला नाही म्हणायला त्याच्याकडे धड कारण नव्हतं. मुलगा कष्टाळू होता, दारू पीत नव्हता आणि मुळात त्याचे दात उत्तम होते.

"कझाक आहे," तोलोगोन म्हणाला.

"मग काय झालं?" जिपार म्हणाली. ही त्याची बायको. तिच्यापुढे त्याचा आवाज नेहमी एक पट्टी खाली येई.

घोड्याला खरारा करता करता तो घोड्यालाच सांगितल्यासारखं बोलला, "आणि नाका बंद झाला तर? घेवड्याला मोड आले तर दुसरा पेरता येतो. पोर पलीकडे अडकली तर मी काय करू?"

जिपारने ते ऐकलं. तिने घोड्यापुढे चारा टाकला.

शनिवारी पलीकडचे लोक कानात डूल घालायला येणार असं ठरलं. मुलाची आई येऊन मुलीच्या कानात डूल घालते आणि तिथे सोयरीक पक्की होते. त्याआधी जेवण, आणि जेवणाआधी मेंढा. इथेच तोलोगोनची झोप उडाली. कारण पाहुण्याला कुठलं हाड वाढायचं हा आमच्याकडे हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. हाड चुकलं म्हणून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

सल्ला द्यायला शाम्शी आला. शाम्शी ट्रक चालवायचा, पलीकडच्या बाजारात त्याची नेहमी फेरी असे, त्यामुळे कझाकांविषयी गावात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"आपल्या गावात कमरेचं हाड सगळ्यांत वडील पाहुण्याला आणि मुंडी तरण्या गड्याला, बरोबर?" शाम्शी म्हणाला. "त्यांच्यात उलटं. मुंडी मुख्य पाहुण्याला. तू जर मुंडी जावयापुढे ठेवलीस आणि व्याह्यापुढे कमरेचं हाड, तर व्याही टोपी घालून सरळ चालायला लागेल."

"घर माझं, मेंढा माझा आणि रीत त्यांची?"

"तुझी मर्जी. मी आपलं सांगितलं."

"आणि कान कुणाला देतात?"

"कान लेकरांनाच. ते दोन्हीकडे सारखं."

"चोरलं असेल आपल्याकडून," तोलोगोन म्हणाला.

पण मग त्याने रात्रभर विचार केला आणि त्याला तो बेत आवडायला लागला. आपण त्यांच्या रीतीने मुंडी द्यायची. म्हणजे मोठ्या मनाचं कोण हे सगळ्यांना दिसेल. मोठेपणा दाखवायचाच तर हात आखडू नये, आणि जन्मभर टोमणे मारायला तो उपयोगी पडतो हे वेगळंच.

शनिवारी सकाळी जिपारने त्याला नवी टोपी घातली आणि बजावलं, "पाण्याचा विषय काढायचा नाही. नाका काढायचा नाही. घेवडा नाही. आणि तो बकऱ्याचा खेळ तर अजिबात नाही."

"मग बोलू काय?"

"हवापाण्याचं... नाही, नुसतं हवेचं बोला."

पाहुणे उशिरा आले. मुलाचा बाप कब्दोल्ला, धिप्पाड आणि खाली मान घालून चालणारा. आई राउशान, हातात लाल मखमलीची डबी घट्ट धरून. आणि मादियार, घामाघूम. सोबत आजोबाही यायचे होते, कब्दोल्लाचे वडील ओस्पान. पण म्हाताऱ्याच्या पासपोर्टाची मुदत संपलेली निघाली आणि त्यांच्याच नाक्यावरच्या त्यांच्याच माणसांनी त्यांना परत फिरवलं.

"अरेरे!" तोलोगोन म्हणाला. लोक ज्या सुरात 'वा वा' म्हणतात, तो सूर. "तुमच्याच लोकांनी? तुमच्याच म्हाताऱ्याला? कमाल झाली! घेवड्याचं समजू शकतो मी, पण..."

जिपार खोकली.

"बाबा घरी जायला तयार नाहीत," कब्दोल्ला खालमानेने म्हणाला. "घोड्यावर बसून पलीकडच्या काठावर उभे आहेत. म्हणाले, नातसून इथूनच बघतो."

खरंच, खिडकीतून घेवड्याच्या शेतापलीकडे नदी दिसत होती, आणि नदीच्या त्या काठावर करड्या घोड्यावर एक ताठ म्हातारा. तोलोगोनने मनातल्या मनात त्याला दाद दिली आणि लगेच परत घेतली.

जेवण सुरू झालं. कणकेचे तळलेले बोरसोक झाले, चहा झाला, कुमिस फिरली. कब्दोल्लालाही त्याच्या घरून बजावून आणलेलं असावं, कारण तोही हवेवरच बोलत होता.

"हवा छान आहे तुमच्याकडे."

"आहे. जरा कोरडी आहे."

"आमच्याकडे तर फारच कोरडी," कब्दोल्ला म्हणाला. "कारण वरून..."

राउशान खोकली.

"पाऊस कमी, असं म्हणतोय मी."

"पाऊस तर मागच्या वर्षी असा लागला," तोलोगोन म्हणाला, "नेमका ट्रक उभा असताना..."

जिपार खोकली. मग दोघी आळीपाळीने इतक्या खोकल्या की मादियारने घाबरून विचारलं, घरात कुणाला सर्दी आहे का.

एवढ्यात ताट आलं. तोलोगोनने ते स्वतः उचललं. वाफाळलेली मुंडी, भादरून, धुऊन, नीट शिजवलेली. बसलेल्यांत मुख्य कब्दोल्ला, तेव्हा ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि छातीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तोलोगोन म्हणाला, "व्याहीबुवा, आमच्यात ही रीत नाही. पण तुमच्यात आहे. मान तुमचा."

त्याला वाटलं होतं कब्दोल्लाच्या डोळ्यांत पाणी येईल. त्याऐवजी कब्दोल्लाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मादियारने डोळे मिटून घेतले. राउशानच्या मांडीवरची लाल डबी आतापर्यंत अर्धवट उघडी होती. ती टप्पकन बंद झाली आणि पर्समध्ये गेली.

"मी तुमचं काय वाकडं केलंय?" कब्दोल्लाने विचारलं.

"काय?"

"ज्याचा बाप जिवंत आहे तो मुंडी घेत नाही! मुंडी माझ्यापुढे ठेवायची म्हणजे माझा बाप मेला म्हणायचं!" तो उठला आणि खिडकीकडे बोट केलं. "तो बघा माझा बाप! तुमच्याच खिडकीतून दिसतोय! घोड्यावर बसलाय!"

सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. म्हातारा नुकताच नाक शिंकरत होता. जिवंत होता यात वादच नव्हता.

तोलोगोनने पंगतीत बसलेल्या शाम्शीकडे पाहिलं. शाम्शीने कपाळावर हात मारला. "हां! हां, असं काहीतरी आहे खरं त्यांच्यात. ऐकलं होतं मी."

"आत्ता सांगतोस?"

"तू विचारलंस कुठे त्यांचा बाप आहे का म्हणून?"

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हे. तोलोगोनने घाईघाईने ताट मागे घ्यायला हात घातला, तर जिपारने तो हात धरला. एकदा पुढ्यात ठेवलेली मुंडी परत उचलायची म्हणजे त्याहून मोठा अपमान, हे दोन्हीकडे सारखं. मुंडी घेता येईना, परत नेता येईना. ती सगळ्यांच्या मधोमध वाफा सोडत बसली, आणि जमलेल्या मंडळींत शांत चेहरा तेवढा तिचाच होता.

आणि मग वर्ज्य केलेलं सगळं धरण फुटल्यासारखं बाहेर आलं. कब्दोल्ला म्हणाला, तुम्ही पाणी अडवता आणि आता माझ्या बापालाही मारता. तोलोगोन म्हणाला, पाणी आमचं आहे, आणि माझा घेवडा कुणी मारला ते आधी सांगा. कब्दोल्ला म्हणाला, तुमच्या घेवड्याला मोड आले तर तो जिवंत झाला की मेला? यावर शाम्शी हसला आणि दोघांनीही त्याला झापलं. तोलोगोन म्हणाला, आमचा खेळ चोरून आम्हालाच हरवता. कब्दोल्ला म्हणाला, खेळ येत असता तर हरला असतात का?

"चला," राउशान नवऱ्याला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "घरी चला. झालं ते झालं."

पाहुणे जोडे घालायला दाराशी गेले.

तोलोगोन जागेवर उभा राहिला. त्याला एकदम कळलं की आता काहीच करायला नको. नुसतं गप्प उभं राहिलं तरी पुरे. हे लोक जोडे घालतील, जातील, सोयरीक मोडेल, आणि पोर अलीकडेच राहील, कुठल्याही नाक्याच्या अलीकडे. दोष मुंडीचा. त्याला कुणी बोलही लावणार नाही. महिनाभर मनात जे धरून ठेवलं होतं ते आयतं ताटात वाढून आलं होतं.

मग त्याने बुरुलचाकडे पाहिलं. डूल घालायचे म्हणून तिने केस वर बांधले होते. तिचे दोन्ही कान मोकळे दिसत होते, लहानपणी गालगुंड झालं तेव्हा दिसले होते तसे, आणि लालबुंद. ती रडत नव्हती. ती बापाकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "मुंडी ज्याची आहे त्याला द्या ना. आजोबा समोर दिसतायत."

त्या क्षणी त्याला आपल्या सगळ्या डोंगरांसकट स्वतःची लाज वाटली.

"थांबा," तो ओरडला. "जोडे घाला, पण घरी नाही. नदीवर चला!"

त्याने मुंडी स्वच्छ फडक्यात बांधली, घोड्यावर टांग टाकली आणि शेतातून निघाला. एके काळी बकऱ्याच्या खेळात त्याचं नाव होतं. आता पोट खोगिराच्या पुढे बसत होतं, पण मांड पक्की होती. मागून सगळं वऱ्हाड चालत, घेवड्याच्या सऱ्या तुडवत. एरवी त्याने आरडाओरडा केला असता.

काठावर सरहद्दीचा शिपाई उभा होता. "काका, पुढे जाता येणार नाही."

"मी कुठे जातोय? मुंडी जातेय."

"मांस पलीकडे न्यायचं तर दाखला लागतो."

"हा काय धंदा आहे? मानाची मुंडी आहे ती!"

शिपाईही याच मातीतला होता. त्याने फडक्याकडे पाहिलं, पलीकडच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि टोपी मागे सारून विचार केला. "मधल्या धारेपर्यंत देश आपला आहे. तिथपर्यंत तुम्ही घोडा धुवायला गेलात, असं मी धरतो."

"हातात मुंडी घेऊन घोडा धुतात का?"

"काका, तुम्हाला जायचंय की नाही?"

तोलोगोन पाण्यात उतरला. कब्दोल्लाने तोवर फोन करून बापाला सांगितलं असावं, कारण पलीकडेही ओस्पान आजोबांचा घोडा एकाएकी मळलेला दिसत होता आणि त्यांचा शिपाई मुद्दाम दुसरीकडे बघत होता. दोन घोडे मधल्या धारेशी समोरासमोर आले. म्हातारा जवळून पाहिला तर सुरकुत्यांचा नुसता गठ्ठा, पण डोळे चोरट्या पोरासारखे.

"आजोबा," तोलोगोन म्हणाला, "ही तुमची. चुकून तुमच्या मुलापुढे ठेवली. मेलेलं नाही समजलो तुम्हाला. रीत माहीत नव्हती."

आयुष्यात कुठल्याही कझाकापुढे त्याने कबूल केलेली ही पहिली चूक. म्हाताऱ्याने हात पुढे केला, तोलोगोनने फडकं पुढे केलं, आणि नेमका तेव्हाच त्याच्या घोड्याचा पाय शेवाळलेल्या गोट्यावरून सटकला. फडकं सुटलं. मुंडी पाण्यात पडली, एक गिरकी घेतली आणि निघाली प्रवाहाबरोबर खाली, कझाकांच्या बाजूला, जिकडे आपलं सगळंच पाणी जातं तिकडे.

"धरा!" दोन्ही काठांवरून एकच ओरड झाली.

घोड्यांना काही सांगावं लागलं नाही. दोन्ही घोडे खेळातले होते. पाणी उडवत, खांद्याला खांदा घासत ते मुंडीमागे धावले. तोलोगोन खोगिरावरून खाली लवला. त्या बाजूने म्हातारा असा लवला की त्याची दाढी पाण्याला लागली. काठावर कब्दोल्ला आपल्या बापाच्या नावाने ओरडत होता, शाम्शी तोलोगोनच्या, आणि मादियारला कुणाच्या नावाने ओरडावं ते कळत नसल्याने तो नुसताच ओरडत होता. दोघांचे हात एकदम मुंडीवर पडले. तोलोगोनच्या हाती एक कान आला, म्हाताऱ्याच्या हाती दुसरा. दोघांनी ओढलं. खेळाडूचा हात, तो सोडणार कसा? तोलोगोन विसरलाच की मुंडी द्यायला आलोय.

मुंडी चांगली शिजलेली होती. कान तुटला.

म्हातारा मुंडीसकट सरळ झाला आणि ती त्याने खोगिरावर मांडीखाली दाबली, खेळात बकरं दाबतात तशी. तोलोगोनच्या मुठीत नुसता कान राहिला. कझाकांचा काठ दणाणला. अलीकडचा शिपाई निराश होऊन म्हणाला, "परत हरलो."

तोलोगोन ओलाचिंब, कान हातात धरून बसला होता. एवढं करून पुन्हा विटंबनाच, असं त्याला वाटलं.

"कान तुझ्याकडे आला होय?" ओस्पान आजोबा धापा टाकत म्हणाले. "बरोबर आहे. कान लेकरांचा असतो. तुझे वडील आहेत का रे?"

"नाहीत. फार वर्षं झाली."

"मग तुला कान कोण देणार? खा."

"आजोबा, मी..."

"खा म्हणतो ना. आणि ऐक. कान देतात तो ऐकायला देतात." म्हातारा घोडा जवळ घेऊन आला. "तुझ्या बायकोने पोरीला सांगितलं, पोरीने मादियारला, मादियारने मला. नाका बंद झाला तर पोर दिसणार नाही, हेच ना? तुमचे मोठे लोक आणि आमचे मोठे लोक, त्यांचं काही मला कळत नाही. पण माझा घोडा दर आठवड्याला मळतो. नाका उघडा असो की बंद, तुझ्या पोरीला घेऊन मी या धारेपर्यंत येईन. तू अलीकडून ये. मी नसेन तेव्हा कब्दोल्ला येईल, नाही आला तर मुंडीची शपथ आहे त्याला."

तोलोगोनने कान तोंडात घातला. तो गार होता, त्याला नदीची चव होती, आणि त्याला असा कान कापून कुणी दिल्याला उभा जन्म लोटला होता. वडील सुरीच्या टोकावरून द्यायचे आणि म्हणायचे, आता आईचं ऐकायचं. चावता चावता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ते नदीचं आहे असं म्हणायची सोय होती हे बरं.

"व्याहीबुवा!" काठावरून कब्दोल्लाने हाक मारली. त्याचा राग पार उतरला होता आणि अंगातला खोडकरपणा वर आला होता. "आता पाण्यात उतरलाच आहात, तर थोडं आमच्याकडेही सोडा की!"

काठावर कुणीही खोकलं नाही. तोलोगोनकडे उत्तर तयार होतं, जन्मभर घोकलेलं: नदी काय तुमच्या बापाची आहे? पण त्यांचा बाप मधल्या धारेत करड्या घोड्यावर, मांडीखाली मुंडी दाबून, त्याच्याकडे बघत उभा होता, आणि तोलोगोनच्या तोंडात कान होता. म्हणून त्याने नुसता हात वर केला. कब्दोल्लाने तो होकार धरला आणि सगळ्यांसमोर तसं जाहीरही करून टाकलं.

"बाबा," तोलोगोन तोंडातल्या घासासकट म्हाताऱ्याला म्हणाला, "तेवढा पासपोर्ट करून घ्या. लग्नाला अलीकडे यायचंय तुम्हाला."

काठावर राउशानने पर्समधून लाल डबी काढली. बुरुलचाने मान जराशी तिच्याकडे झुकवली, पण नजर नदीवरच ठेवली. बापाने कान नीट गिळला की नाही, ते ती बघत होती.